जुनं इंजिन बांधायचं की नवं बसवायचं?

पत्र:

ताई, आम्ही मूळचे सांगलीचे, आता डेट्रॉइटजवळ राहतो. उत्तरेला टॉर्च लेकवर आमचं एक छोटं कॉटेज आहे. शेजारचे आजोबा वारल्यावर त्यांच्या मुलांनी त्यांची १९५० सालची ख्रिस-क्राफ्ट स्पोर्ट्समन बोट आम्हाला बऱ्यापैकी स्वस्तात दिली. बावीस फुटी, सगळी लाकडी, आत मूळचंच सहा सिलिंडरचं 'के' इंजिन. पहिला उन्हाळा मजेत गेला. यंदा मात्र इंजिन सुरू व्हायला कुरकुर करतं, अर्ध्या तासात तापतं, निळा धूर मारतं. जुलैत तर ऐन तळ्यामध्ये बंद पडलं. बोटीत सांगलीहून आलेले माझे सासू-सासरे होते. दुसऱ्या बोटीने ओढून आणावं लागलं. तेव्हापासून बायको म्हणते, हे धूड काढा, नाहीतर मी बोटीत पाय ठेवणार नाही. मुलगा सोळा वर्षांचा आहे, त्याला वेकबोर्डिंगसाठी (बोटीमागे फळीवर उभं राहून लाटेवरून जायचा खेळ) व्ही-८, म्हणजे आठ सिलिंडरचं ताकदवान इंजिन, हवंय. मरीनातला मेकॅनिक म्हणतो, जुनं बांधत बसू नका, ३०० हॉर्सपॉवरचं नवं टाका, कटकट मिटेल. दोन्ही खर्च पाच आकडी, फरक फारसा नाही. मला स्वतःला त्या इंजिनाचा आवाज फार आवडतो, पण आवाजापायी एवढे पैसे घालणं शहाणपणाचं आहे का? की सरळ विजेची मोटर बसवावी?
मिशिगनचा एक वाचक

उत्तर:

नमस्कार. तुमच्या मेकॅनिकने इंजिनाबद्दल बरंच सांगितलं, पण एक गोष्ट त्याने पाहिलेली दिसत नाही: बोटीचा तळ कसा आहे? ९५ हॉर्सपॉवरवर भागवायचं की ३०० घालायची, हे तळाच्या फळ्या ठरवतात. त्याकडे येतेच. पण तुम्ही शेवटपर्यंत ताटकळू नये म्हणून माझं मत आधीच सांगून टाकते. ब्लॉक, म्हणजे सिलिंडर असलेला इंजिनाचा ओतीव मुख्य भाग, तडकलेला नसेल तर 'के' काढू नका. ते बांधून घ्या, त्याच्या भोवतीचं पेट्रोल, पाणी आणि वायरिंग आजच्या काळाचं करा आणि व्ही-८चा विषय मिटवा. ब्लॉक तडकलेला निघाला तर काय, तेही खाली लिहिलंय.

आधी तुमच्याकडे नेमकं काय आहे ते बघा. ख्रिस स्मिथ आणि त्यांच्या मुलांनी १९२२ साली तुमच्याच राज्यात, सेंट क्लेअर नदीकाठच्या अल्गोनॅकमध्ये ख्रिस-क्राफ्ट कंपनी उभी केली. 'के' इंजिनाचा मूळ ब्लॉक मात्र ओहायोतल्या कँटनच्या हर्क्युलिस मोटर्सचा. ख्रिस-क्राफ्टने तो घेऊन बोटीसाठी सजवला. साधारण पावणेचार लिटरचं इंजिन, मिनिटाला ३२०० फेऱ्यांना ९५ हॉर्सपॉवर. आजच्या हिशेबाने एवढ्या मोठ्या इंजिनातून ही ताकद म्हणजे काहीच नाही, आणि तेच त्याच्या दीर्घायुष्याचं कारण आहे. ते कधी पिळलंच जात नाही. हर्क्युलिसची इंजिनं ट्रकांत, ट्रॅक्टरांत, कारखान्यांतल्या यंत्रांत सगळीकडे गेली, त्यामुळे पिस्टन, रिंगा, बेअरिंग, व्हॉल्व्ह हे सामान आजही मिळतं. "पार्ट मिळत नाहीत" असं कुणी म्हणालं तर त्याने शोधलेले नाहीत असं समजा.

हे फ्लॅटहेड इंजिन आहे. म्हणजे व्हॉल्व्ह हेडमध्ये नाहीत, खाली ब्लॉकमध्ये सिलिंडरच्या शेजारी बसलेले आहेत. हेड म्हणजे नुसतं लोखंडी झाकण, त्यात स्पार्क प्लग. बोल्ट गंजून अडकले नसतील तर ते उतरवायला अर्धा दिवस पुरतो. पुढे याचा उपयोग होणार आहे.

आता तक्रारी एकेक घेऊ. त्यातल्या निम्म्याहून अधिक इंजिनाच्या नाहीतच असा माझा दाट संशय आहे.

सुरू व्हायला कुरकुर. या बोटीचं मूळ वायरिंग ६ व्होल्टचं. तेवढंच काम ६ व्होल्टवर करायचं तर १२ व्होल्टच्या दुप्पट करंट लागतो, म्हणून बॅटरीपासून सेल्फपर्यंतची केबल अंगठ्याएवढी जाड असावी लागते. सत्तर-पंचाहत्तर वर्षांत कुणीतरी कधीतरी गाडीच्या दुकानातून १२ व्होल्टची बारीक केबल आणून लावलेली असते. पाच-सात सेकंद सेल्फ मारा, बंद करा आणि केबलला आणि दोन्ही टोकांना हात लावा. गरम लागली तर सेल्फला मिळायची बरीच ताकद तिथेच जळतेय. जाड केबल, घासून साफ केलेली टोकं, ब्लॉकवर नीट अर्थ, एवढ्यावर ६ व्होल्टचं इंजिन हात लावताच सुरू होतं.

तापणं. तुमच्या 'के'ला रेडिएटर नाही. तळ्याचं पाणी पंप खेचतो, ते थेट ब्लॉकमधून फिरतं आणि एक्झॉस्टवाटे बाहेर जातं. टॉर्च लेकचं पाणी गोडं, म्हणून खाऱ्या पाण्यासारखा ब्लॉक सडलेला नसेल, हे तुमचं नशीब. पण बारीक वाळू आणि गंजाचा गाळ ब्लॉकच्या तळाशी बसतो, तोही मागच्या बाजूला, कारण इंजिन बोटीत मागे कललेलं असतं. मागचे सिलिंडर मग पाण्यात नसतात, चिखलात असतात. बोट बाहेर काढून ब्लॉकचे ड्रेन कॉक (पाणी सोडायच्या तोट्या) काढा. पाणी धो धो आलं तर ठीक. ठिबकलं किंवा आलंच नाही, तर तार घालून खरवडा. काळा-तांबडा चिखल निघाला की तुमचं निदान हातात आलं. सोबत पंपही तपासा आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (सिलिंडरांतला धूर बाहेर नेणारा ओतीव भाग) उतरवून प्रेशर टेस्ट करून घ्या. मॅनिफोल्ड हा या इंजिनांचा खरा दुखरा भाग आहे: आतून गंजून भोक पडतं आणि पाणी सिलिंडरमध्ये उतरतं. नवे ओतलेले मॅनिफोल्ड मिळतात. तिथे काटकसर करू नका.

ऐन तळ्यात बंद पडणं. एक गोष्ट तुम्ही लिहिली नाहीत. थंड झाल्यावर ते परत सुरू झालं होतं का? झालं असेल तर कॉइल, कंडेन्सर किंवा गरम होऊन वाफ धरलेली पेट्रोल लाइन. झालं नसेल तर टाकीतला कचरा. आजोबांच्या शेवटच्या वर्षांत बोट फारशी फिरली नसणार. पेट्रोल टाकीत पडून त्याचा डिंक होतो. त्यात आजचं इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल जुन्या टाकीतला सगळा मळ सोडवतं, तो येऊन फिल्टरमध्ये आणि कार्बोरेटरच्या जेटमध्ये बसतो, आणि जुन्या रबरी नळ्यांनाही ते मानवत नाही. मरीनावर इथेनॉलविरहित पेट्रोल मिळत असेल तर तेच घाला. ऑक्टेनची चिंता नको, एवढ्या कमी कॉम्प्रेशनला साधं पेट्रोल भरपूर झालं.

निळा धूर. हे मात्र खुद्द इंजिनाचं. रिंगा झिजल्या असतील किंवा व्हॉल्व्ह गाइड. कधीकधी तेल जास्त भरल्यानेही होतं, तेही बघून घ्या. पण नुसत्या धुरावरून "इंजिन गेलं" म्हणणारा माणूस तुम्हाला नवं इंजिन विकायला बसलाय.

नक्की काय ते कॉम्प्रेशन टेस्ट, म्हणजे प्रत्येक सिलिंडर किती दाब धरतो याची तपासणी, सांगते. मेकॅनिकवर सोडू नका, स्वतः समोर उभे राहा. इंजिन गरम हवं, बॅटरी भरलेली, थ्रॉटल पूर्ण उघडा आणि सहाही प्लग काढलेले. काढलेले प्लग एका फळीवर त्याच क्रमाने मांडून ठेवा, अर्धं निदान तेच सांगतील. तेलकट काळा म्हणजे त्या सिलिंडरमध्ये तेल चढतंय. एखाद्यावर तांबूस गंजाचा ओघळ दिसला तर तिथे पाणी येतंय. मग एकेका सिलिंडरला गेज लावून सहाही आकडे खडूने ब्लॉकवर लिहा. आकडा मोठा असण्याला इथे महत्त्व नाही, सहाही जवळपास सारखे हवेत. दहा-पंधरा टक्क्यांत असतील तर हे इंजिन तरुण आहे. कमी आलेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर तेल टाकून पुन्हा बघा. आकडा चढला तर रिंगा, नाही चढला तर व्हॉल्व्ह. शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकदम पडलेले असले तर बहुधा दोघांमधलं हेड गॅस्केट.

आणि एखाद्या सिलिंडरला शून्य आलं तर घाबरू नका. फ्लॅटहेड इंजिन पडून राहिलं की व्हॉल्व्ह उघडा राहून अडकतो. गेजवर शून्य येतं आणि मेकॅनिक कपाळाला हात लावतो. झाकण उतरवायचं, गंज सोडवणारं तेल सोडायचं, एक रात्र थांबायचं आणि हलक्या हाताने ठोकत व्हॉल्व्ह बसवायचा. पुष्कळ "मेलेली" इंजिनं एवढ्यावर उठून बसलेली आहेत.

आता तळ. ख्रिस-क्राफ्टच्या या बोटींचा तळ दुहेरी फळ्यांचा असतो: आतल्या फळ्या, मध्ये कापडाचा थर, वर बाहेरच्या महोगनीच्या फळ्या, आणि हे सगळं ओकच्या फासळ्यांवर स्क्रूंनी आवळलेलं. वसंतात बोट पाण्यात घातली की पहिले दोन-तीन दिवस गळते, मग लाकूड फुगतं आणि फटी मिटतात, हे तुम्ही पाहिलं असेल. १९५० सालचा तळ अजून मूळचाच असेल तर फासळ्यांच्या तळटोकांना, कण्याजवळ, कुज धरलेली असायची शक्यता मोठी. पंख्याचा (प्रॉपेलरचा) सगळा रेटा शाफ्टवरून गिअरबॉक्सवर, तिथून लांब बेअररवर, म्हणजे इंजिन ज्यांवर बसतं त्या तुळयांवर, आणि बेअररवरून याच फासळ्यांवर जातो. तिप्पट ताकदीचं इंजिन लावलंत तर तिथे कितीतरी जास्त हिसका बसेल. शिवाय वेग वाढला की एकेक लाट तळावर हातोड्यासारखी बसते. ही बोट ताशी पंचवीस-तीस मैलांसाठी आखलेली आहे. त्यापलीकडे नेलीत की नाक उडायला लागतं, सुकाणू हलकं पडतं आणि सासूबाई जुलैपेक्षा जास्त घाबरतात.

म्हणून इंजिनावर एक डॉलर घालायच्या आधी लाकडी बोटी जाणणाऱ्या सर्व्हेअरला बोलवा. फायबरग्लासच्या बोटी बघणारा चालणार नाही. तो टोचणी घेऊन एकेक फासळी टोचेल, चार-सहा स्क्रू काढून बघेल. तुमच्या राज्यातच, सीडरव्हिलला, ग्रेट लेक्स बोट बिल्डिंग स्कूल आहे. चांगला माणूस सापडत नसेल तर तिथे विचारा. तळ काढायला झालेला निघाला तर तुमचा पाच आकडी खर्च आधी तिथे जाईल, आणि तो गेलेला मला आवडेल. कुजक्या तळावर नवंकोरं इंजिन बसवलेल्या बोटी विकायला भरपूर निघतात, कारण मालकाचे पैसे तोवर संपलेले असतात.

नव्या इंजिनाविरुद्ध माझं वैर नाही. फ्युएल इंजेक्शन असतं, किल्ली फिरवली की सुरू. तळ्याचं पाणी ब्लॉकमध्ये न फिरवणारं बंदिस्त कूलिंग असतं, वॉरंटी असते, कुठल्याही मरीनात त्याचा कॉम्प्युटर वाचणारा पोरगा मिळतो. कोकणात हर्णैला किंवा मिरकरवाड्याला जाऊन कुणाला "मूळ इंजिन ठेवलंत का" असं विचाराल तर तो तुमच्याकडे बघतच राहील. तिथे अशोक लेलँडचं ट्रकचं इंजिन बोटीसाठी सजवून ट्रॉलरमध्ये घालतात आणि ते थकलं की दुसरं आणतात. पोटासाठी रोज समुद्रात जायचं असेल तर तेच बरोबर. तुमची बोट वर्षातले दहा-बारा आठवडे गोड्या पाण्यात फिरते, संध्याकाळी चहा-चिवडा घेऊन. तिची गरज वेगळी आहे.

मेकॅनिकच्या कोटेशनमध्ये काय नाही, ते वाचा. व्ही-८ हे रुंद इंजिन, 'के' अरुंद आणि उंच. त्यामुळे बेअरर कापावे किंवा नवे घालावे लागतात, आणि बेअरर म्हणजे बोटीचं हाड. एकदा कापलंत की पुन्हा मूळ इंजिन बसवायची वाट बंद. तुमचं इंजिन सरळ शाफ्टला जोडलेलं, ३२०० फेऱ्यांवर खूश. नवं इंजिन पुष्कळ जास्त फेऱ्या मारतं, म्हणजे पंखा नवा, बहुधा फेऱ्या कमी करणारा रिडक्शन गिअर, त्यामुळे शाफ्टचा कोन वेगळा, शाफ्टला आधार देणारा स्ट्रट वेगळा. पंख्याची फिरायची दिशाही बघावी लागते. त्या काळी दोन्ही दिशांनी फिरणारी इंजिनं बनत. दिशा उलटी निघाली आणि पंखा जुनाच ठेवला तर बोट मागे पळेल. २०१० पासून अमेरिकेत नव्या पेट्रोल इनबोर्डना उत्सर्जनाचे कडक नियम आहेत, म्हणून त्यांच्या एक्झॉस्टमध्ये कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो. तो जागा खातो. स्पोर्ट्समनमध्ये इंजिनाची पेटी बसायच्या जागेच्या मधोमध आहे, ती रुंद करावी लागली तर तुम्ही सगळे कडेला अंग चोरून बसाल. वर नवी टाकी, नव्या नळ्या, १२ व्होल्टचं सगळं वायरिंग, आणि डॅशबोर्डवरच्या त्या सुंदर जुन्या काटेवाल्या मीटरांच्या जागी प्लास्टिकचा पडदा. "फरक फारसा नाही" हा हिशेब मग टिकत नाही.

ताकदच हवी असेल तर एक मधला रस्ता आहे आणि तो खुद्द कंपनीनेच घालून दिलाय. याच बावीस फुटी बोटीत ख्रिस-क्राफ्ट १३० हॉर्सपॉवरचं 'एम' इंजिनही देत असे. तेही हर्क्युलिसच्या ब्लॉकवरचं, थोरल्या भावासारखं. ब्लॉक तडकलेला निघाला तर माझा क्रम असा: आधी तडा शिवता येतो का ते बघा (ओतीव लोखंड टाके घालून शिवणारे कारागीर आहेत, आत पाणी गोठून बाहेरच्या कवचाला गेलेला तडा पुष्कळदा शिवून निभावतो). नाही तर दुसरं 'के' शोधा, जुन्या बोटीवाल्यांच्या गॅरेजांत ती पडलेली असतात. मग 'एम'. आणि हे काहीच जमलं नाही, तर मगच नवं, तेही लहान, आणि बेअरर न कापता बसेल असं. मूळ इंजिन त्या वेळीसुद्धा भंगारात देऊ नका, तेल घालून खोक्यात ठेवा. बोट विकाल तेव्हा ते खोकं बोटीबरोबर गेलं तर किमतीत फरक पडतो.

किमतीचं निघालंच आहे तर एक काम या आठवड्यात करा. बोटीच्या लाकडात ठोकलेला हल नंबर, म्हणजे बोटीचा स्वतःचा क्रमांक, शोधा. तुमच्या मॉडेलचा 'यू-२२' असा सुरू होतो. ख्रिस-क्राफ्टचा जुना दप्तरखाना आता व्हर्जिनियात न्यूपोर्ट न्यूजच्या मरिनर्स म्युझियममध्ये आहे. नंबर कळवून फी भरली की ते त्या बोटीच्या हल कार्डाची प्रत देतात. कारखान्यातून बाहेर पडताना तिच्यात कोणतं इंजिन होतं, कोणत्या डीलरकडे गेली, असलं सगळं त्यावर असतं. कार्डावरचा इंजिन नंबर आणि तुमच्या ब्लॉकवरचा नंबर जुळला, तर तुम्ही जे 'धूड' काढायला निघाला आहात ते त्या बोटीबरोबर जन्मलेलं आहे. अँटिक अँड क्लासिक बोट सोसायटीच्या प्रदर्शनात परीक्षण होतं तेव्हा चुकीच्या इंजिनाला गुण कापतात. तुम्हाला बक्षिसांत रस नसेल, मलाही नाही, पण पुढचा गिऱ्हाईक त्याच नजरेने बघतो. विमा घेताना 'ठरलेली किंमत' असलेली पॉलिसी घ्या. तुमच्या ट्रॅव्हर्स सिटीतली हॅगर्टी कंपनी १९८४ साली सुरू झाली तीच मुळी लाकडी बोटींचे विमे उतरवत. असल्या कंपन्यांना या बोटी कळतात. मोटारीबरोबर फुकटात जोडलेला विमा घेऊ नका.

आता तुमच्या बायकोचं म्हणणं. पत्रात तुम्ही ते जरा विनोदाने लिहिलंय, पण पूर्ण पत्रात सगळ्यात बरोबर बोलणं त्यांचंच आहे. टॉर्च लेक अठरा-एकोणीस मैल लांब आहे, वारा सुटला की तिथे लाटा उठतात, आणि म्हाताऱ्या माणसांना घेऊन मध्ये अडकणं ही गंमत नाही. त्यांना बोटीची खात्री हवी आहे. इंजिन कोणत्या सालचं आहे याच्याशी त्यांना देणंघेणं नाही. ती खात्री द्या.

त्यासाठी आवाजाला धक्का न लावता बरंच बदलता येतं. डिस्ट्रिब्युटरच्या टोपीखाली इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवा, पॉइंटची कटकट जाते आणि बाहेरून काही दिसत नाही. टाकी साफ किंवा नवी, कोस्ट गार्ड मान्यतेच्या पेट्रोल नळ्या, पाणी वेगळं करणारा मोठा फिल्टर. पेट्रोल पंप बोटीसाठी बनवलेलाच घ्या. त्याला दुहेरी पडदा असतो, फाटला तरी पेट्रोल बिल्जमध्ये (बोटीच्या तळातल्या पोकळीत) सांडत नाही. मोटारीच्या दुकानातला स्वस्त सेल्फ किंवा अल्टरनेटर चुकूनही लावू नका. मोटारीत ठिणगी पडली तरी खालून वारा असतो. बोटीत पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती बिल्जमध्ये साचून राहते. बोटीच्या सामानाची ठिणगी आतच कोंडलेली असते, म्हणून ते महाग. कार्बोरेटरवर फ्लेम अरेस्टर, म्हणजे ज्वाळा बाहेर येऊ न देणारी जाळी, आहे ना ते बघा. एप्रिल १९४० नंतर बसवलेल्या पेट्रोल इंजिनाला तो कायद्यानेच लागतो, तरी साफ करताना काढून परत न लावणारे महाभाग असतात. बिल्जमधली वाफ बाहेर फेकणारा ब्लोअर नसेल तर बसवा आणि सुरू करण्याआधी चार मिनिटं चालवा, मग पेटी उघडून नाकाने वास घ्या. नाकासारखं यंत्र नाही. अग्निशामकावरची तारीखही पाहून घ्या. एकदाच वापरायच्या सिलिंडरांना आता बनवल्यापासून बारा वर्षांची मुदत आहे. नांगर, दोन वल्ही आणि पाण्यात न भिजणाऱ्या पाकिटात फोन, एवढं कायम बोटीत.

हे झालं की पुढच्या जूनमध्ये आधी तुम्ही एकटे फिरा, किनाऱ्याजवळ, बरेच दिवस. तेलाचा दाब, तापमान, धूर वहीत लिहा. वही भरत आली की बायकोला दाखवा. त्या बसतील.

मुलाला मात्र सरळ सांगा की वेकबोर्डिंगची बोट ही नव्हे. त्या खेळात मागे मोठी लाट उठवण्यासाठी बोटीत मुद्दाम शेकडो किलो पाण्याच्या पिशव्या भरतात, आणि तसं वजन या फळ्यांवर टाकणं हा अत्याचार आहे. ट्यूब ओढायला ९५ हॉर्सपॉवर पुरते. १९५० साली लोक असल्याच बोटींमागे स्की करत होते. त्याला दोन-तीनदा वेक बोट भाड्याने घेऊन द्या, ते व्ही-८पेक्षा किती स्वस्त पडतं ते त्यालाच मोजू दे. आणि हेड उतरवाल त्या दिवशी त्याला हाताशी घ्या. सोळाव्या वर्षी स्वतःच्या हाताने व्हॉल्व्ह घासून बसवलेलं इंजिन सुरू झालं की पोरं पक्ष बदलतात.

विजेची मोटर? संथ चालणाऱ्या लाँचसाठी ती फार छान. तुमची बोट पाण्यावर उचलून पळणारी आहे, आणि उचलून धरायला जी ताकद लागते ती सतत देणाऱ्या बॅटऱ्यांचं वजन आणि किंमत दोन्ही तुम्हाला झेपायचं नाही. हा विचार सोडा.

इंजिन बांधायला देताना तीन गोष्टी आधी लेखी घ्या: ब्लॉक गरम टाकीत धुऊन त्याची तडा-तपासणी करणार, सिलिंडर कापून मोठे (बोअर) केलेच तर किती करणार, आणि बांधून झाल्यावर बोटीत बसवण्याआधी स्टँडवर पाणी लावून चालवून दाखवणार. तिसऱ्या गोष्टीला जो कां-कूं करेल त्याच्याकडे देऊ नका. मरीनातल्या तुमच्या मेकॅनिकचा यात दोष नाही, तो रोज नवी इंजिनं बघतो. वर सांगितलेल्या बोट सोसायटीच्या मिशिगनमध्ये शाखा आहेत, आणि ह्युरॉन सरोवराकाठच्या हेसेलला दर ऑगस्टमध्ये लाकडी बोटींचं प्रदर्शन भरतं. ख्रिस-क्राफ्टचा पहिला डीलर त्याच गावातला. तिथल्या धक्क्यावर तास-दोन तास उभे राहिलात तर कोण चांगलं इंजिन बांधतो हे तीन जणांकडून कळेल, आणि तिघंही एकच नाव घेतील.

एक काम मात्र थांबणारं नाही. सर्व्हेअर, हल कार्ड, टेस्ट हे सगळं हिवाळ्यात होईल, पण पहिली कडाक्याची थंडी पडायच्या आत बोट बाहेर काढून ब्लॉक, मॅनिफोल्ड आणि पंप यांतलं पाणी पूर्ण काढून टाका, नाहीतर ते गोठून ब्लॉक तडकवतं. कॉक उघडला आणि पाणी थांबलं म्हणजे ब्लॉक रिकामा झाला असं नाही, गाळाने भोक बुजलेलं असतं. प्रत्येक कॉक पूर्ण काढा, तार आत घाला, गाळ ओढून काढा, परत पाणी येतंय का बघा, आणि कॉक काढलेलेच ठेवून एका डबीत घालून ती डबी स्टिअरिंगला बांधा, म्हणजे वसंतात ते लावल्याशिवाय कुणी बोट पाण्यात घालणार नाही.